स्टोअर्ड प्रोसिजरमधी डायनॅमिक एसक्यूएल लिहायचंय? मग आधी एवढं बघा

"आपलं सगळं प्रोसिजरमधी आहे, आपल्याला इंजेक्शनचं टेन्शन नाही" असं म्हणणारे आपल्याकडं संभाजीनगर, नांदेड, लातूरच्या छोट्या सॉफ्टवेअरवाल्यांत अजून लय भेटतात, अन् अर्धं ते बरोबर पण आहे. (प्रोसिजर म्हणजे डेटाबेसमधीच साठवून ठेवलेल्या क्वेरी, अन् इंजेक्शन म्हणजे स्क्रीनवरच्या रकान्यात एसक्यूएलचा तुकडा टाकून आपली क्वेरीच बदलून टाकणं.) प्रोसिजरच्या आत साधी फिक्स क्वेरी असंल अन् व्हॅल्यू पॅरामीटरमधून येत असंल तर खरंच काही होत नाही. पण त्याच प्रोसिजरच्या आत तुम्ही स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवली (यालाच डायनॅमिक एसक्यूएल म्हणतात) अन् तिच्यावर एक्झेक, म्हणजे चालवायची आज्ञा, मारलं, की प्रोसिजर असून नसल्यासारखीच. हा प्रकार १९९८ पासून माहीत आहे, तरी २०२३ मध्ये मूव्हइट नावाच्या फाइल ट्रान्सफर सॉफ्टवेअरमधी एसक्यूएल इंजेक्शनच निघालं अन् जगभरच्या कितीतरी संस्थांचा डेटा बाहेर गेला, म्हणजे जुनं झालं तरी संपलेलं नाही.

खाली मुख्यतः मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हर धरून लिहिलंय कारण आपल्याकडच्या मोंढ्यातल्या अन् कारखान्यांच्या बऱ्याच जुन्या सिस्टिम त्याच्यावरच चालू आहेत, बाकीच्यांचं शेवटी थोडक्यात येईल. कोड उच्चाराप्रमाणं देवनागरीत लिहिलाय, टाइप करताना नेहमीसारखा करा.

उदाहरण एकच धरू. मोंढ्यातल्या आडत दुकानाचं सॉफ्टवेअर आहे, शेतकरी टेबलात नाव, गाव, मोबाइल, बँक खातं, आवक टेबलात गाव, तारीख, माल, वजन, भाव, अन् मुनीम स्क्रीनवर गाव टाकून त्या गावाची आवक काढतो. प्रोसिजरमधी लिहिणाऱ्यानं असं लिहून ठेवलंय:

सेट @एसक्यूएल = एन'सिलेक्ट * फ्रॉम डीबीओ.आवक व्हेअर गाव = ''' + @गाव + '''';
एक्झेक(@एसक्यूएल);

मुनीमानं "मानवत" टाकलं तर मानवतची आवक येती, सगळं छान. कुणी गावाच्या जागी ' ऑर १=१ -- एवढं टाकलं की सगळ्या गावांची आवक आली, कारण पहिलं कोट बंद झालं, १=१ कायमच खरं असतं अन् दोन डॅशच्या पुढचं कॉमेंट झालं. इथवर बरेच जण हसतात की आवकच तर आहे, बघू दे. पण त्याच जागी युनियन सिलेक्ट टाकून शेतकरी टेबलातलं बँक खातं अन् मोबाइल त्याच स्क्रीनवर काढता येतो, फक्त कॉलमची संख्या अन् टाइप जुळवायला लागतात अन् ते चार-दोन प्रयत्नात जुळतं. ड्रॉप टेबलची भीती सगळे घालतात, माझ्या मते ती दुय्यम आहे, टेबल उडालं तर बॅकअपवरून येतं, डेटा गुपचूप गेला तर कळत पण नाही.

आता काय करायचं. सगळ्यात आधी डायनॅमिक लागतंय का ते बघा. ऑप्शनल फिल्टरसाठी लोक डायनॅमिककडं पळतात, गाव दिलं तर गाव, माल दिला तर माल. हे साध्या क्वेरीत पण होतं, व्हेअर (@माल इज नल ऑर माल = @माल) असं लिहा अन् शेवटी ऑप्शन (रिकंपाइल) लावा, दर वेळी प्लॅन (क्वेरी कशी चालवायची याचा सर्व्हरचा आराखडा) नवा बनतो म्हणून थोडा सीपीयू खर्च होतो पण आडत दुकानाच्या लोडला ते जाणवत पण नाही. आयडींची कॉमावाली यादी आली म्हणून इन च्या आत चिकटवायची सवय पण सोडा, टेबल व्हॅल्यूड पॅरामीटर (यादी टेबलासारखी पाठवायची सोय) आहे, २०१६ पासून यादीचे तुकडे करणारं स्ट्रिंग_स्प्लिट आहे. एवढ्यानंच निम्मं डायनॅमिक एसक्यूएल गळून पडतं.

जिथं लागतंच तिथं एक्झेक(...) बंद अन् एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल चालू:

सेट @एसक्यूएल = एन'सिलेक्ट तारीख, माल, वजन, भाव फ्रॉम डीबीओ.आवक व्हेअर गाव = @पी_गाव';
इफ @माल इज नॉट नल सेट @एसक्यूएल += एन' अँड माल = @पी_माल';
एक्झेक एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल @एसक्यूएल, एन'@पी_गाव एनव्हारचार(१००), @पी_माल एनव्हारचार(५०)', @पी_गाव = @गाव, @पी_माल = @माल;

यात बघा, स्ट्रिंगमधी जे जोडलंय ते सगळं तुमच्या हातचं लिहिलेलं आहे, मुनीमानं टाकलेलं एक अक्षर पण स्ट्रिंगमधी गेलेलं नाही, ते पॅरामीटर म्हणून बाजूनं जातंय. माल दिलाच नाही तरी @पी_माल पाठवून ठेवला तर चालतं, क्वेरीत न वापरलेल्या पॅरामीटरवर सर्व्हर ओरडत नाही. वरून प्लॅन पण परत वापरला जातो, म्हणजे स्पीडचा फायदा वेगळाच.

कोटाच्या आधी जो एन आहे त्याच्याकडं दुर्लक्ष करू नका, स्ट्रिंग युनिकोड आहे हे तो सांगतो. एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएलला स्टेटमेंट युनिकोडच लागतं, व्हारचार (युनिकोड नसलेला मजकूर) व्हेरिएबल दिलं तर एररच देतं. अन् आपल्याकडं गावाची नावं मराठीत टाइप होतात, "सोनपेठ" साध्या व्हारचारमधून फिरवलं की टेबलात नुसती प्रश्नचिन्हं बसतात, हा त्रास सगळ्यांना माहीत आहे, पण त्याच्या आड सिक्युरिटीचा पण एक घोळ आहे. एनव्हारचारचं व्हारचारमधी रूपांतर होताना काही युनिकोड अक्षरं जवळच्या साध्या अक्षरात बदलतात, ॲपॉस्ट्रॉफीसारखं दिसणारं एक वेगळं युनिकोड चिन्ह आहे ते रूपांतरानंतर सरळ साधं सिंगल कोट होऊन बसतं. म्हणजे आधी तपासलं तेव्हा कोट नव्हतं, अन् नंतर तयार झालं. म्हणून "आम्ही रिप्लेस वापरून कोट डबल करतो" हा उपाय मला पटत नाही. त्याचं दुसरं कारण म्हणजे लांबी. डबल केलेली स्ट्रिंग छोट्या व्हेरिएबलमधी बसवली की शेवटचं अक्षर कापलं जातं, अन् कापलं गेलेलं अक्षर नेमकं जोडीतलं दुसरं कोट असंल तर उरलेलं एक कोट तुमच्या बंद करायच्या कोटाशी जोडी लावतं, स्ट्रिंग जिथं बंद व्हायची तिथं होतच नाही अन् पुढचा मजकूर भलताच वाचला जातो. सर्व्हर एरर देत नाही, गपचूप कापतो. अन् कोट न लावता आकडा जोडलाय तिथं तर रिप्लेसचा संबंधच येत नाही, व्हेअर पट्टी_नं = असं लिहून व्हारचार चिकटवला तर समोरच्याला कोटाची गरजच पडत नाही. आकडा असंल तर पॅरामीटर इंटचाच ठेवा, तारीख असंल तर डेटचा. सगळं एनव्हारचार(मॅक्स) मधी घ्यायची जी सवय आहे ती आळसाची आहे, दुसरं काही नाही.

टेबलाचं नाव, कॉलमचं नाव, ऑर्डर बायची दिशा, हे पॅरामीटरमधून जात नाही. इथंच खरी अडचण होती. ऑर्डर बायसाठी सोपं आहे, स्क्रीनवरून आलेलं नाव स्ट्रिंगमधी घालायचंच नाही, केसमधून आपलं नाव काढायचं:

सेट @क्रम = केस @सॉर्ट व्हेन एन'भाव' देन एन'भाव डेस्क' व्हेन एन'तारीख' देन एन'तारीख डेस्क' एल्स एन'आवक_आयडी' एंड;

@सॉर्टमधी कुणी रामायण लिहून पाठवलं तरी शेवटी आवक_आयडीच येणार.

टेबलाच्या नावाचं जरा सविस्तर बघू कारण आपल्याकडं हे जास्त दिसतं. जुन्या सिस्टिममधी कुणीतरी जिल्ह्यागणिक टेबल केलेलं असतं, आवक_लातूर, आवक_परभणी, आवक_औरंगाबाद, आवक_उस्मानाबाद. हे डिझाइनच चुकीचं आहे, जिल्हा हा कॉलम पाहिजे, पण चालू सिस्टिम कोण तोडतंय. मग २०२३ मधी जिल्ह्यांची नावं छत्रपती संभाजीनगर अन् धाराशिव झाली, स्क्रीनवर नवं नाव आलं, टेबलं जुन्याच नावानं राहिली, अन् मधी कुणीतरी जुगाड केला. लोक अशा ठिकाणी क्वोटनेम लावतात अन् सुटले असं समजतात. क्वोटनेम नावाभोवती चौकोनी कंस लावतं अन् आतला बंद करणारा कंस डबल करतं, त्यामुळं नावातून बाहेर पडून दुसरी क्वेरी चिकटवता येत नाही, एवढं काम ते चोख करतं. पण कुणी आवक_लातूरच्या जागी बँक_खाती पाठवलं तर? क्वोटनेम त्याला पण मान देऊन कंस लावतंय अन् क्वेरी चालतीय. नाव नीट लिहिलंय का एवढंच ते बघतं, त्या टेबलात जायचा हक्क आहे का हे बघत नाही.

म्हणून मॅपिंग टेबल करा. जिल्हा_टेबल नावाचं, त्यात जिल्हा कोड इंट, स्कीमा (टेबलांचा गट, वरच्या उदाहरणात डीबीओ) नाव, टेबल नाव. स्क्रीनवरून फक्त कोड येणार, प्रोसिजर त्या कोडवरून नाव काढणार, नाव सापडलं नाही तर तिथंच थ्रो मारून, म्हणजे एरर देऊन, बाहेर. मग सापडलेल्या नावाला पण क्वोटनेम लावायचंच, स्कीमाला वेगळं अन् टेबलाला वेगळं, मधी टिंब. दोन्ही एकत्र दिलं तर सर्व्हर "डीबीओ.आवक_लातूर" हे एकच नाव समजतो अन् असं टेबल नाही म्हणतो. अन् त्या मॅपिंग टेबलावर ॲपच्या लॉगिनला अपडेट द्यायचं नाही, नाहीतर मॅपिंगचाच काय उपयोग. जिल्ह्याचं नाव उद्या परत बदललं तर प्रोसिजरला हात लावायची पण गरज नाही.

क्वोटनेमचं अजून एक, १२८ अक्षरांच्या पुढचं नाव दिलं तर ते नल परत देतं. स्ट्रिंगला नल जोडलं की सगळी स्ट्रिंग नल, अन् नल स्ट्रिंग चालवली की काहीच होत नाही, एरर पण नाही. मग माणूस दोन तास बघत बसतो की पट्टी का निघंना. चालवायच्या आधी इफ @एसक्यूएल इज नल तपासा.

इथवरचं बहुतेक ठिकाणी सांगितलेलं असतं. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, क्वेरी कुणाच्या हक्कानं चालतीय. साध्या प्रोसिजरमधी एक सोय असती, ओनरशिप चेनिंग म्हणतात तिला. प्रोसिजर अन् टेबल एकाच मालकाचं असंल तर युजरला टेबलावर हक्क लागत नाही, प्रोसिजर चालवायचा हक्क दिला की बास. डायनॅमिक एसक्यूएल आलं की ही साखळी तुटती, आतली स्ट्रिंग वेगळी बॅच म्हणून चालती अन् सर्व्हर बघतो की या युजरला टेबलावर सिलेक्ट आहे का. नसतंय. मग एरर येते, परमिशन डिनाइड, गिऱ्हाइकाचा फोन येतो, ऐन दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक चालू असती, मापं थांबलेली असतात, अन् घाईघाईत कुणीतरी ॲपच्या लॉगिनला डीबी_ओनर, म्हणजे अख्ख्या डेटाबेसचा हक्कदार, करून टाकतं. एरर गेली, सगळे खुश. पोराला मोंढ्यातून पट्टी आणायला पाठवायचं अन् सोबत तिजोरीची चावी पण द्यायची, तसलं काम झालं हे. कारण आता त्या एका प्रोसिजरमधी होल निघालं तर अख्खा डेटाबेस गेला.

याला दोन बरे रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे लॉगिन नसलेला युजर बनवायचा अन् प्रोसिजर त्याच्या नावानं चालवायची:

क्रिएट युजर आवक_वाचक विदाउट लॉगिन;
ग्रँट सिलेक्ट ऑन डीबीओ.आवक टू आवक_वाचक;

अन् प्रोसिजरच्या डोक्यावर विथ एक्झिक्यूट ॲज 'आवक_वाचक'. आता इंजेक्शन झालं तरी आवक टेबलाच्या पलीकडं हात जात नाही, शेतकरी टेबलातलं बँक खातं मागितलं तर तिथंच परमिशन डिनाइड. विथ एक्झिक्यूट ॲज ओनर लिहिलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं, ते लिहू नका, मालक बहुतेक डीबीओ, म्हणजे डेटाबेसचा मालक, असतो अन् मग परत तिथंच आलो. शेतकऱ्याचं नाव-गाव लागतंच असंल तर फक्त तेवढेच कॉलम असलेला व्ह्यू (साठवलेली सिलेक्ट क्वेरी) करा अन् त्याच्यावर सिलेक्ट द्या.

यात एक तोटा आहे, आत सुझर_एसनेम (लॉगिनचं नाव सांगणारं फंक्शन) विचारलं तर खरा माणूस दिसत नाही, ज्याच्या नावानं चालतंय तो दिसतो. ऑडिट टेबलात नोंद करत असाल तर ओरिजिनल_लॉगिन वापरा. वेब ॲप असंल तर सगळे मुनीम एकाच लॉगिननं येतात, तिथं कनेक्शन उघडताना सेशन कॉन्टेक्स्टमधी (त्या कनेक्शनपुरती माहिती ठेवायची जागा) युजर आयडी टाकून ठेवायचा अन् ट्रिगरमधी, म्हणजे टेबल बदललं की आपोआप चालणाऱ्या कोडमधी, तो वाचायचा, हे २०१६ पासून आहे.

दुसरा रस्ता म्हणजे सर्टिफिकेटनं प्रोसिजर साइन करायची. डेटाबेसमधी सर्टिफिकेट बनवायचं, त्या सर्टिफिकेटवरून युजर बनवायचा, त्याला मोजके ग्रँट द्यायचे, अन् ॲड सिग्नेचर टू म्हणून प्रोसिजरवर सही करायची. मग प्रोसिजर चालू असेपर्यंत बोलावणाऱ्याच्या हक्कात सर्टिफिकेटचे हक्क मिळवले जातात, आतल्या डायनॅमिक स्ट्रिंगला पण ते लागू होतात, अन् माणूस मात्र खराच दिसतो. मला हा रस्ता जास्त आवडतो पण एक गोष्ट ध्यानात ठेवा, प्रोसिजर आल्टर केली की सही उडून जाती. म्हणून डिप्लॉयमेंटच्या स्क्रिप्टमधी आल्टरच्या खालीच परत सही करायची ओळ टाकून ठेवा, नाहीतर रविवारी बदल केला अन् सोमवारी सकाळी मोंढा बंद.

ट्रस्टवर्दी (सर्व्हरनं या डेटाबेसवर भरवसा ठेवावा अशी सेटिंग) ऑन करा असा सल्ला कुठं मिळाला तर तिथनंच मागं फिरा. डेटाबेसचा मालक एसए (सर्व्हरचं सगळ्यात वरचं लॉगिन) असंल अन् ट्रस्टवर्दी ऑन असंल तर त्या डेटाबेसमधला डीबी_ओनर पूर्ण सर्व्हरचा मालक होऊ शकतो. एक्सपी_सीएमडीशेल (एसक्यूएलमधून मशिनच्या कमांड चालवायची सोय) २००५ पासून मुळातच बंद येतं, ते कुणी एक्सपोर्टसाठी चालू करून ठेवलंय का ते पण बघा, कारण इंजेक्शन अन् ते दोन्ही एकत्र आलं की डेटाबेस सोडा, मशिनच समोरच्याच्या हातात.

आता रात्रीच्या जॉबचं. दिवसा स्क्रीनवरून शेतकऱ्याचं नाव पॅरामीटरनं नीट सेव्ह झालं, त्यात कोट होतं तरी काही झालं नाही, जसंच्या तसं टेबलात बसलं. रात्री एसक्यूएल सर्व्हर एजंटचा (ठरल्या वेळी आपोआप चालणारा) जॉब उठतो, टेबलातून एकेक नाव वाचतो अन् एसएमएससाठी क्वेरी स्ट्रिंग बनवतो, जोडून. लिहिणाऱ्याला वाटतंय हे तर आपल्याच टेबलातलं आहे, बाहेरचं थोडंच आहे. पण टेबलात ते बाहेरूनच आलेलं होतं. अन् जॉबचा मालक बहुतेक वेळा सिसॲडमिन (सर्व्हरवर सगळे हक्क असलेला) असतो, म्हणजे दिवसा जे करता आलं नसतं ते रात्री पूर्ण ताकदीनं होतंय. टेबलातून वाचलेली व्हॅल्यू पण पॅरामीटरनंच द्यायची, अन् जॉबला कमी हक्काचा मालक द्यायचा.

एररचा मजकूर स्क्रीनवर जाऊ देऊ नका. ट्राय-कॅचमधी खरी एरर लॉग टेबलात अन् मुनीमाला फक्त "काहीतरी अडलंय, ऑफिसला कळवा". कॉलमची नावं, टाइप, टेबलं, सगळं एररमधून शिकतात लोक, युनियन जुळवायला तेच लागतं.

बाकीच्या डेटाबेसचं पटकन. ओरॅकलमधी एक्झिक्यूट इमिजिएटला युझिंग लावून व्हॅल्यू बाइंड करा, म्हणजे पॅरामीटरसारखी बाजूनं द्या, नावांसाठी डीबीएमएस_असर्ट आहे, अन् ध्यानात ठेवा की तिथं काही न लिहिता प्रोसिजर मालकाच्या हक्कानंच चालती, बोलावणाऱ्याच्या हक्कानं पाहिजे तर ऑथआयडी करंट_युजर लिहावं लागतं. पोस्टग्रेसमधी फॉरमॅट फंक्शनला नावासाठी %आय वापरा अन् व्हॅल्यू युझिंगनं द्या, %एस मात्र जसंच्या तसं चिकटवतं म्हणून त्याच्यापासून लांब. तिथं सिक्युरिटी डिफायनर (फंक्शन मालकाच्या हक्कानं चालवायचं) लिहिलं तर सर्च_पाथ (नाव कुठल्या स्कीमात शोधायचं त्याचा क्रम) फिक्स करा, अन् नव्या फंक्शनवर चालवायचा हक्क सगळ्यांनाच मिळतो तो पब्लिककडून रिव्होक करा, म्हणजे काढून घ्या. मायएसक्यूएलमधी प्रिपेअर अन् प्रश्नचिन्हवाले पॅरामीटर, अन् तिथं पण प्रोसिजर डीफॉल्टनं डिफायनरच्याच हक्कानं चालती, डिफायनर जर रूट असंल तर काय होईल ते सांगायला नको.

"आडत दुकानाचा डेटा कोण चोरतंय" असं मालक म्हणतातच. त्यांना एवढंच सांगा की २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात डेटा नीट न सांभाळल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे, अन् २०२२ च्या सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) आदेशाप्रमाणं असला प्रकार ध्यानात आल्यावर ६ तासांत त्यांना कळवावं लागतं. आकडा ऐकल्यावर टेस्टिंगला वेळ मिळतो.

टेस्टिंग असं करा. सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्समधी (सगळ्या प्रोसिजरचा कोड असतो ती सर्व्हरची यादी) डेफिनिशन कॉलमवर लाइक लावून एक्झेक( अन् एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल शोधा, एक्झेकच्या पुढं स्पेस देणारे पण असतात ते धरून. जेवढ्या प्रोसिजर निघतील त्यांच्यात अधिकचं चिन्ह कुठं कुठं आहे अन् त्याच्या उजवीकडं पॅरामीटर आहे का हे डोळ्यानं वाचा, याला शॉर्टकट नाही. एसपी_एक्झिक्यूटएसक्यूएल दिसलं म्हणून पुढं सरकू नका, त्याच्यात पण जोडलेली स्ट्रिंग देणारे असतात. मग प्रत्येकीला नुसतं एक कोट द्या, डिसूझासारखं ॲपॉस्ट्रॉफीवालं इंग्रजी आडनाव द्या, बंद चौकोनी कंस द्या, १२८ च्या वरची लांबलचक स्ट्रिंग द्या. बनलेली क्वेरी बघायला प्रिंट लावत असाल तर प्रिंट युनिकोडची ४००० अक्षरंच दाखवतं, पुढची क्वेरी कापलेली दिसली म्हणून घाबरू नका, सिलेक्टनं बघा.

शेवटी ॲपच्या युजरचं सोंग घेऊन बघा, एक्झिक्यूट ॲज युजर = 'मोंढा_ॲप', मग सरळ सिलेक्ट * फ्रॉम डीबीओ.शेतकरी, मग रिव्हर्ट. परमिशन डिनाइड आलं तर ठीक. यादी आली तर हक्क कुठून आला ते सिस.डेटाबेस_परमिशन्स अन् सिस.डेटाबेस_रोल_मेंबर्स मधी शोधा, पब्लिक रोलवर पण नजर टाका, बऱ्याचदा कुणीतरी मागं एकदा घाईत तिथंच ग्रँट मारून ठेवलेला असतो.